शुद्धिपत्र

नवें पुस्तक हातीं आलें म्हणजे कोणी प्रथम चित्रें पाहतो, कोणी अर्पणपत्रिका वाचतो, आणि व्यवहारी माणसें किंमत पाहून तें खालीं ठेवतात. माझी खोड निराळी आहे. मी पुस्तक मागून उघडतों आणि शेवटच्या पानांत शुद्धिपत्र आहे कीं काय तें शोधतों. सांपडलें तर बरें वाटतें. ‘पृष्ठ ८७, ओळ १२, अमुकऐवजीं तमुक वाचावें’ असा एक तरी कबुलीजबाब ज्या ग्रंथांत आहे, त्याच्या कर्त्यानें आपलें पुस्तक छापून झाल्यावर निदान एकदां पुन्हां वाचलें, एवढी खात्री पटते. पुष्कळ ग्रंथांविषयीं एवढीहि खात्री देतां येत नाहीं.

ही खोड मला वडिलांकडून लागली. नाना नागपुरांतल्या एका कॉलेजांत इतिहास शिकवीत. धरमपेठेंत आमचें लहानसें घर होतें. पुढची खोली विद्यार्थ्यांची आणि पुस्तकांची, मागच्या दोन आमच्या, अशी त्याची वांटणी आईनें फारशी तक्रार न करतां मान्य केली होती. नानांनीं आयुष्यांत एकच पुस्तक लिहिलें आणि त्याला अकरा वर्षें लागलीं. विदर्भांत सांपडलेल्या जुन्या ताम्रपटांत ज्या गांवांचीं नांवें आहेत, तीं गांवें आज कोठें आहेत, हा त्यांचा विषय.

ज्या वाचकांना हा विषय अपरिचित असेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. पूर्वींचा राजा ब्राह्मणाला किंवा देवालयाला गांव देई, तेव्हां त्याचें दानपत्र तांब्याच्या पत्र्यांवर कोरून देत असे. दान कोणी दिलें, कोणास दिलें, कोठून दिलें, हें त्यांत असे. आणि पूर्वेस अमुक गांव, पश्चिमेस अमुक नदी, अशा सीमाहि पुष्कळदां असत. अमरावती जिल्ह्यांत अचलपुराजवळ चम्मक नांवाचें खेडें आहे. तेथें सांपडलेल्या ताम्रपटांत वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन यानें चर्मांक नांवाचें गांव एक हजार ब्राह्मणांस दान दिल्याचें लिहिलें आहे. चर्मांक तेंच चम्मक. नाना वर्गांत हें सांगत तेव्हां म्हणत, “पंधराशें वर्षांत या गांवानें गमावलें काय? जवळजवळ एक रफार!”

पण सगळींच गांवें इतक्या सरळ स्वभावाचीं नसतात. कांहीं उठून गेलीं, कांहींचीं नांवें बदललीं, आणि एकाच नांवाचीं तीन गांवें एका तालुक्यांत असलीं म्हणजे तर संशोधकाची परीक्षाच. सुटी लागली कीं नाना पिशवी घेऊन निघत. पाटलाच्या ओट्यावर बसावें, कोतवालाला बोलतें करावें, पटवाऱ्याच्या दप्तरांत ज्यांना रिठी म्हणतात त्या ओसाड गांवांचीं नांवें उतरून घ्यावीं, असा त्यांचा क्रम असे. शेजारचीं मुलें मे महिन्यांत आजोळीं जात. आमच्या घरचे पैसे मोटारीच्या तिकिटांत संपलेले असत. तेव्हां मला याचा राग येई, आणि तो राग पुढें बरींच वर्षें टिकला, हें येथें कबूल केलें पाहिजे.

हस्तलिखित पुरें झालें आणि तें छापणार कोण हा प्रश्न उभा राहिला. नाना सीताबर्डीवरच्या एका पुस्तकविक्रेत्याकडे गेले. त्या गृहस्थानें त्यांना चहा पाजला, हस्तलिखित आदरानें चाळलें आणि विचारलें, “प्राध्यापकसाहेब, हें कोणत्या परीक्षेला लागणार?” कोणत्याच नाहीं, असें ऐकल्यावर त्यानें चहाचा दुसरा कप मागविला, पण पुस्तकाची गोष्ट पुन्हां काढली नाहीं. मी त्याला दोष देत नाहीं. दुकानाचें भाडें दरमहा द्यावें लागतें, आणि असल्या पुस्तकाचा वाचक कधीं कधीं वीस वर्षांनीं दुकानाची पायरी चढतो. इतका वेळ वाट पाहणें हें संस्थेचें काम. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ सालीं आरंभिलें, तें १९६६ सालीं तडीस गेलें. तिचे प्रमुख संपादक डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर १९४३ सालींच वारले होते. संपादक गेला तरी आवृत्ति पुरी होते, एवढ्यासाठींच तर संस्था काढावयाच्या.

या बाबतींत नागपूरहि अगदींच दरिद्री नव्हतें. रायबहादुर हिरालाल यांनीं मध्यप्रांत व वऱ्हाड येथील कोरीव लेखांची वर्णनात्मक यादी तयार केली, ती १९१६ सालीं नागपूरच्या सरकारी छापखान्यानें छापली आणि १९३२ सालीं तिची दुसरी आवृत्ति काढली. नागपूर विद्यापीठ १९२३ सालीं स्थापन झालें. महानुभावांच्या लीळाचरित्राचे भाग ह. ना. नेने यांनीं १९३६ च्या सुमारास येथूनच प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. पुढें याच विद्यापीठाचे कुलगुरु झालेले डॉ. वि. भि. कोलते यांनीं त्याच ग्रंथाची नवी संपादित आवृत्ति सिद्ध केली, ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें १९७८ सालीं काढली. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी मॉरिस कॉलेजांत संस्कृत शिकवीत. वाकाटकांच्या कोरीव लेखांचा त्यांचा इंग्रजी खंड भारत सरकारच्या पुरातत्त्व खात्यानें उटकमंडहून १९६३ सालीं प्रसिद्ध केला. पण त्याच्या सहा वर्षें आधीं, १९५७ सालीं, ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ’ हा त्यांचा मराठी ग्रंथ नागपूर विद्यापीठानें काढला होता. ज्या भूमीवर वाकाटकांनीं राज्य केलें, तेथल्या माणसांना तो इतिहास स्वभाषेंत आधीं वाचावयास मिळाला आणि बाकीच्या जगाला मागाहून. नानांना या गोष्टीचा इतका अभिमान होता कीं, तो ग्रंथ जणूं त्यांनींच लिहिला होता.

अखेर एका संस्थेनें नानांचें पुस्तक स्वीकारलें. तिचें नांव मी येथें घेत नाहीं. महालांतल्या एका छापखान्यांत काम सुरू झालें. छापखान्याचा पोऱ्या संध्याकाळीं ओलसर प्रुफांची गुंडाळी आणून देई. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं नाना प्रूफ पुढ्यांत घेत आणि हस्तलिखित माझ्या हातीं देत. मी मोठ्यानें वाचावयाचें आणि त्यांनीं प्रुफावरून पेन्सिल फिरवावयाची. ‘स्वल्पविराम’, ‘अर्धविराम’, ‘नवा परिच्छेद’ हे शब्दहि मी मजकुराच्या चालींतच म्हणत असें. मी बारा वर्षांचा होतों. एक अक्षर कळत नव्हतें, पण वाकाटकांची वंशावळ मला पाढ्यांसारखी पाठ झाली.

छापखान्याचे खिळे झिजलेले होते. अक्षराच्या डोक्यावरचा रफार म्हणजे शिशाचें एक नाजूक टोंक. यंत्राच्या दाबाखालीं तें मोडे, आणि प्रुफांत बरोबर असलेला शब्द छापतांना चुके. असल्या अपघातानें चर्मांकाचें ‘चमांक’ तीन ठिकाणीं झालें. नाना जुळाऱ्यावर रागावले नाहींत. ताम्रपट कोरणारानेंहि कोठें अनुस्वार गाळला आहे, कोठें एकच अक्षर दोनदां कोरलें आहे, असें ते म्हणत. “हे त्यांचेच वंशज! आपलें काम मागाहून दुरुस्त करण्याचें.”

छापून झाल्यावर साडेतीन पानांचें शुद्धिपत्र तयार झालें. संस्थेचे चिटणीस म्हणाले, “एवढें शुद्धिपत्र जोडलें तर पुस्तकाची अब्रू जाईल.” नाना म्हणाले, “न जोडलें तर माझी जाईल.” तें जोडलें गेलें.

हजार प्रती निघाल्या. एक समारंभ झाला, पाहुण्यांना हार पडले, दोन मासिकांत अभिप्राय आले, आणि पुस्तक संस्थेच्या कोठींत गेलें. त्यानंतर पुस्तकांची यादी निघत नसे. निघाली तर तींत किंमत नसे. किंमत कळली तर ज्या कारकुनाजवळ कोठीची किल्ली, तो रजेवर असे. दूरच्या गांवांहून नानांना पत्रें येत, ‘आपलें पुस्तक कोठें मिळेल?’ लेखकाला आपल्याच पुस्तकाचा पत्ता सांगतां येत नसे. मला वाटतें, छापणें आणि प्रसिद्ध करणें या दोहोंतला भेद आपल्याकडच्या विद्वान मंडळींनीं पुरता ओळखलेला नाहीं. अनुदान छापण्यासाठीं मिळतें. पुढचीं पन्नास वर्षें कोठी कोरडी ठेवण्यासाठीं आणि आलेल्या पत्राला उत्तर देण्यासाठीं कोणी अनुदान देत नाहीं.

संस्थेचें काम थांबलें म्हणजे तिच्या ग्रंथांचें काय होतें, हें तर नागपूरकरांनीं जवळून पाहिलें आहे. विद्यापीठांतलें शिक्षण देशी भाषांतून व्हावें म्हणून केंद्र सरकारनें १९६८ नंतर राज्यांना साहाय्य दिलें, आणि त्या योजनेंतून महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिति मंडळ नागपुरांत उभें राहिलें. पुढच्या दशकांत त्यानें राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान अशा विषयांवर मराठी ग्रंथ काढले. जयपूर, भोपाळ आणि अहमदाबाद येथें याच योजनेंतून निघालेल्या संस्था अद्याप पुस्तकें काढीत आहेत. नागपूरचें मंडळ मागेंच थांबलें. त्याचीं पुस्तकें आतां कॉलेजांच्या ग्रंथालयांत तळच्या फळीवर, नाहींतर ‘रद्द’ असा शिक्का अंगावर घेऊन जुन्या पुस्तकांच्या ढिगांत भेटतात. भेटतील तेव्हां मी तीं घेतों. त्यांतलीं कांहीं भाषांतरें बोजड आहेत. कांहीं पारिभाषिक शब्द त्या पानांबाहेर कधीं पडलेच नाहींत. पण बोजड शब्दाच्या जागीं सोपा शब्द घालावयाचा तर दुसरी आवृत्ति लागते, आणि दुसऱ्या आवृत्तीसाठीं संस्था जिवंत असावी लागते. तीं पुस्तकें सुधारलीं असतीं. त्यांना सुधारण्याची संधि मिळाली नाहीं.

नानांच्या पुस्तकाला ती संधि मिळाली, तिची हकीकत सांगतों. पुस्तक निघून वीसएक वर्षें झालीं होतीं. नाना सेवानिवृत्त झाले होते आणि त्यांच्या एका डोळ्याचें ऑपरेशन झालें होतें. एके दिवशीं यवतमाळकडच्या एका खेड्यांतून एका प्राथमिक शिक्षकाचें जाड पाकीट आलें. तालुक्याच्या शाळेच्या कपाटांत नानांचें पुस्तक त्यांना सांपडलें होतें. त्यांनीं लिहिलें होतें कीं, पृष्ठ ११४ वर आपण ज्या गांवाचा निर्णय केला आहे तो बरोबर दिसत नाहीं. त्याच नांवाची एक रिठी आमच्या शिवाराला लागून आहे. तेथें आतां फक्त मारुतीचा पार उरला आहे. ताम्रपटांत सांगितलेलीं पूर्वेचें व उत्तरेचें अशीं दोन्हीं गांवें तिच्या शेजारीं आहेत, तीं आपण सांगितलेल्या ठिकाणीं नाहींत. सोबत हातानें काढलेला नकाशा होता. ओढा निळ्या पेन्सिलीनें रंगविला होता.

नाना भिंग घेऊन तो नकाशा दुपारभर पाहत बसले. संध्याकाळीं ते स्वयंपाकघराच्या दाराशीं येऊन आईला म्हणाले, “आज कांहीं गोड कर.” कारण ऐकल्यावर आई म्हणाली, “अहो, चूक निघाली म्हणून कोणी गोड करतें का?” नाना म्हणाले, “चूक निघाली म्हणजे कोणीतरी तिथपर्यंत वाचलें!” आईनें शिरा केला.

दुसऱ्या दिवशीं नाना संस्थेंत गेले. दुरुस्तीची एक चिठ्ठी छापून उरलेल्या प्रतींत घालावी, एवढी त्यांची विनंति होती. तेथें आतां सगळे नवे लोक होते. कोठी मोकळी करावयाची आहे आणि जुने गठ्ठे त्याच महिन्यांत वजनावर विकावयाचे ठरलें आहे, असें त्यांना सांगण्यांत आलें. वाळवीनें ज्यांना हात लावला नव्हता अशा बासष्ट प्रती नानांनीं रद्दीच्या भावानें विकत घेतल्या आणि सायकलरिक्षांत घालून घरीं आणल्या.

मग आमच्या पुढच्या खोलींत एक विचित्र छापखाना सुरू झाला. आईनें खळ शिजवून दिली. नाना एकेक चिठ्ठी हातानें लिहीत: ‘पृष्ठ ११४, ओळ ९ येथील निर्णय चुकीचा आहे. योग्य स्थान पुढीलप्रमाणें.’ त्याखालीं त्या शिक्षकाचें नांव आणि ‘यांनीं दाखवून दिलें’ असे शब्द. बासष्ट वेळां तोच मजकूर, बासष्ट वेळां तेंच नांव. अक्षर कांपत होतें. मी तेव्हां बँकेंत नोकरीला होतों आणि प्रत्येक गोष्टीचा हिशेब मांडण्याच्या वयांत होतों. मी म्हणालों, “नाना, चिठ्ठ्या मी टंकलिखित करून आणतों.” ते म्हणाले, “चूक माझ्या हातची आहे.” मी चिडून विचारलें, “पण हीं पुस्तकें आतां वाचणार कोण?” त्यांनीं मान वर केली नाहीं. “तें ठाऊक असतें,” ते म्हणाले, “तर त्याला पत्रच टाकलें असतें.”

मी गप्प बसून खळ लावूं लागलों. त्या वेळीं मला तें म्हातारपणाचें वेड वाटलें. अकरा वर्षें, आमच्या सगळ्या उन्हाळ्याच्या सुट्या, आईनें मन मारून केलेला संसार, आणि शेवटीं रद्दीच्या भावाचीं बासष्ट पुस्तकें; हा हिशेब कांहीं केल्या माझ्या मनांत जुळत नव्हता.

तो जुळला फार पुढें. नाना गेल्यावर बऱ्याच वर्षांनीं मनसरला जाण्याचा योग आला. नागपूरहून जबलपूरच्या रस्त्यानें गेलें म्हणजे रामटेकच्या अलीकडे हें गांव लागतें. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचें पवनार, असें मत मिराशींनीं मांडलें होतें, आणि नानांनीं आपल्या पुस्तकांत तें निःशंकपणें स्वीकारलें होतें. १९९७ पासून मनसरला उत्खनन झालें. टेकडीच्या पोटांतून विटांच्या मोठ्या देवालयाचे अवशेष निघाले, प्रवरेश्वराचें नांव असलेले मातीचे ठसे मिळाले, आणि पुष्कळ संशोधक आतां पवनारऐवजीं मनसरकडे बोट दाखवितात. त्या उंच चढावावर मी उभा होतों. मनांत आलें, नानांच्या पुस्तकांत आणखी एक चिठ्ठी हवी. आणि लगेच दुसरा विचार आला कीं, मिराशींचें मत ज्यांना खोडावयाचें होतें त्यांनाहि प्रारंभ मिराशींच्याच ग्रंथांपासून करावा लागला. लेखांचें वाचन त्यांचें, कालक्रमाची मांडणी त्यांची, पवनारच्या बाजूचा प्रत्येक पुरावा छापून समोर ठेवलेला. म्हणून तो खोडतां आला. तोच ग्रंथ एखाद्या कुलूपबंद कोठींत सडला असता, तर चूक दुरुस्त झाली नसती. ती नुसती विसरली गेली असती, आणि उद्यां कोणी अजाणतां तीच पुन्हां केली असती. विद्वत्तेचें पुस्तक चुकीचें ठरण्यासाठीं तरी लोकांच्या हातीं असावें लागतें.

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाची एक गोष्ट नेहमीं सांगतात. कॉप्टिक भाषेंतील नव्या कराराची एक आवृत्ति त्यानें १७१६ सालीं काढली. प्रती होत्या पांचशें. शेवटची प्रत विकली गेली १९०७ सालीं. एकशें एक्याण्णव वर्षें कोणीतरी ते गठ्ठे उंदरांपासून आणि ओलीपासून संभाळले, यादींत त्यांचें नांव ठेवलें, आणि गिऱ्हाईक आलें तेव्हां प्रत काढून दिली. हा व्यापार खास नव्हे. त्या अनामिक कोठीवाल्यांना मी मनांतल्या मनांत नमस्कार करतों. आज जुन्या ग्रंथांच्या छायाप्रती घरबसल्या पडद्यावर दिसतात. पूर्वीं ज्याच्यासाठीं पुण्या-मुंबईचा प्रवास पडला असता तें पान मी अंथरुणांत बसून वाचतों. ही सोय मोठी आहे. पण पृष्ठ ११४ वरची चूक त्या पडद्याला कोणीं कळवावी, आणि कळविली तर गोड कोणीं करावें?

असो. आमचें धरमपेठेंतलें घर आतां पाडलें जाणार आहे. त्या जागीं मोठी इमारत व्हावयाची आहे. सामान आवरतांना नानांची लोखंडी पेटी निघाली. बासष्टांपैकीं एकोणीस प्रती तींत शिल्लक आहेत. मुलगा म्हणाला, “बाबा, एक ठेवा आणि बाकीच्या देऊन टाका.” त्याच्या आवाजांत मला माझाच चाळीस वर्षांपूर्वींचा आवाज ऐकूं आला, म्हणून मी त्याच्यावर रागावलों नाहीं. त्याचें म्हणणें बरोबरहि होतें.

एक प्रत मी ठेवली. उरलेल्या अठरा विदर्भांतल्या तालुक्यांच्या गांवीं, जेथें कपाट कोरडें आहे आणि किल्ली संभाळणारें माणूस जागेवर असतें अशी खात्री करून घेतली, त्या वाचनालयांना पाठवीत आहें. प्रत्येक प्रतींत नानांच्या चिठ्ठीखालीं मनसरची दुसरी चिठ्ठी मी माझ्या हातानें लिहून डकविली. खळ सुनेनें करून दिली. आणि माझ्या नव्या घराचा पत्ता घातलेलें एक कोरें पोस्टकार्ड प्रत्येक पुस्तकांत पृष्ठ ११४ पाशीं ठेवून दिलें आहे.